ग्रुपमध्ये नव्याने आलात तर: आपल्या भागातल्या समलिंगी मित्रांच्या गप्पांत शिरण्याची रीत

ओळखीच्या कुणीतरी लिंक पाठवलेली असते. दोन दिवस विचार करून तुम्ही ती उघडता आणि आत गेल्यावर दिसते की शेदीडशे माणसे येळवसच्या (वेळ अमावस्येच्या सणाच्या) भज्जीत, म्हणजे मिश्र भाजीत, वाटाणा घालावा की नाही यावर भांडत आहेत. समलिंगी पुरुषांच्या ग्रुपमध्ये काय चालत असेल याची तुम्ही केलेली एकही कल्पना या भांडणाशी जुळत नाही. काहीजण त्याच रात्री निघून जातात, कारण आपण चुकीच्या ठिकाणी आलो असे त्यांना वाटते. काहीजण महिनोन्‌महिने एक शब्द न लिहिता नुसते वाचत राहतात, आणि काहीजण पहिल्याच मिनिटाला ‘कोण कोण लातूरचं?’ असे विचारून सगळ्यांची वाचा बसवतात. गेली काही वर्षे अशा एका ग्रुपची देखरेख करताना हे तिन्ही प्रकार मी इतक्या वेळा पाहिले आहेत की प्रत्येक नव्या माणसाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या मराठवाड्यात चेहऱ्याने ओळख देणे अवघड असते, म्हणून ओळख आवडीनिवडींतून द्यावी, थट्टा त्यानंतर करावी आणि चेहरा सर्वांत शेवटी दाखवावा. बहुतेकजण हा क्रम नेमका उलटा करतात.

सुरुवात फोनपासून करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर इतर सभासदांना दिसतो, आणि तो नंबर ट्रूकॉलरवर टाकला की तुमचे नाव, कधीकधी ‘पाटील सर गणित’ अशा थाटात, समोर येते. टेलिग्रामवर हा धोका कमी करता येतो. तिथल्या प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये फोन नंबर कुणालाच न दिसण्याची सोय आहे, आणि नंबरावरून तुम्हाला कोण शोधू शकेल हेही फक्त ओळखीच्या क्रमांकांपुरते ठेवता येते. ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर प्रोफाइलचा फोटो निदान अनोळखी लोकांना दिसणार नाही असा ठेवावा, चॅटला कुलूप लावावे आणि पडद्यावर मेसेजचा मजकूर झळकणे बंद करावे. ग्रुपमधले फोटो आपोआप गॅलरीत उतरणार नाहीत ही सेटिंगही विसरू नये. आपल्याकडे फोन एकट्याचा कधीच नसतो. भाची त्यावर कार्टून पाहते, आई त्यावरून मामाला व्हिडिओ कॉल लावायला सांगते, आणि गॅलरी तर घरातल्या सगळ्यांचीच असते.

त्यानंतर टोपणनाव. ते खऱ्या नावाचे लघुरूप नसावे, गावाचे तर मुळीच नसावे. ‘मोसंबी’ म्हटले की माणूस जालन्याकडचा असेल एवढाच अंदाज येतो, आणि तेवढा पुरतो. खरी अडचण एकाच माहितीने होत नाही, ती तुकड्यातुकड्यांनी होते. एकदा एका नवीन सभासदाने सोमवारी तालुका सांगितला, बुधवारी आपण कोणता विषय शिकवतो ते सांगितले आणि शुक्रवारी बदलीची तारीख सांगून शुभेच्छा मागितल्या. शनिवारी सकाळी एकाने मला पर्सनलला लिहिले, ‘हा माझ्या चुलतभावाचा क्लासटीचर आहे, त्याला आवरा.’ लिहिणारा भला होता म्हणून निभावले. जिल्हा सांगावा, तालुका सांगू नये; काम सांगायचे तर ‘नोकरी’ किंवा ‘शेती’ एवढ्यावर थांबावे. मराठवाड्यात जिल्हे आठ असले तरी सोयरिकी सगळ्यांना ओलांडून जातात.

मग आठवडाभर नुसते वाचावे. प्रत्येक ग्रुपचे स्वतःचे घड्याळ असते. आमच्याकडे सकाळी फुलांवर सुविचार लिहिलेली चित्रे टाकायला बंदी आहे, दुपारी डब्यांचे फोटो येतात, संध्याकाळी नोकरदार मंडळी घरी पोहोचेपर्यंत शांतता असते आणि रात्री दहानंतर गाण्यांचा फड रंगतो. कोण कुणाची फिरकी घेतो, कुणाच्या शब्दाला मान आहे, कोणता विषय निघाला की अ‍ॅडमिन खाकरतो, हे आठवडाभरात आपोआप समजते.

पहिला मेसेज कसा लिहावा, हे मला सर्वांत जास्त वेळा विचारले जाते. ‘हाय’ असे लिहून थांबू नये, कारण दीडशे जणांना केलेल्या ‘हाय’ला उत्तर देणे ही कुणाचीच जबाबदारी नसते. ‘प्लेस आहे का?’, म्हणजे भेटायला जागा आहे का, हा प्रश्न ज्या डेटिंग अ‍ॅपवर चालतो तिथेच राहू द्यावा. त्यात गैर काही नाही, पण इथे तो विचारणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून वाढप्याला मेन्यूकार्ड मागण्यासारखे आहे. चालू असलेल्या गप्पांतला एक धागा उचलून त्याला आपल्याकडची एक बारीकशी गोष्ट जोडणे, हा सर्वांत चांगला मार्ग. सुशीला या पदार्थावर चर्चा चालली असताना एका नवीन मुलाने लिहिले होते, ‘आमच्याकडे मुरमुरे भिजवून पिळून घेतात आणि वरून शेंगदाण्याचा कूट घालतात, पण पिळताना माझ्या हातून त्यांचा लगदाच होतो.’ पाच मिनिटांत अकरा जणांनी त्याला मुरमुरे किती वेळ भिजवायचे यावर अकरा सल्ले दिले. तो कोण, कुठला, कसा दिसतो, हे कुणीही विचारले नाही, आणि त्या रात्रीपासून तो आमच्यातला झाला.

आता थट्टेविषयी. हे प्रकरण थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माणसे इथेच जोडली जातात आणि इथेच दुखावतात. मराठीत क्रियापदालाही लिंग असते, आणि आमच्या थट्टेचा निम्मा संसार त्यावरच चालतो. गेल्या हंगामातला एक संवाद आठवतो. आमच्यातला एक शेतकरी सोयाबीनच्या राशीमुळे आठ दिवस गायब होता. तो परतल्याबरोबर कुणीतरी विचारले:

‘आली का गं माहेराला?’

‘आले बाई एकदाची. सासूनं सोडलं तवा आले.’

‘सासू म्हंजी कोण?’

‘मळणीयंत्र. दिसभर नुसती खडखड.’

या चार ओळींवर नवीन माणूस एकतर खळखळून हसतो किंवा गोंधळतो. हा शेतकरी गावात दिवसभर ‘अण्णा’ म्हणून वावरतो, पारावर मांडी ठोकून बोलतो आणि चुलतभावांच्या बांधाच्या भांडणात मध्यस्थी करतो. रात्री दहा मिनिटे त्याला व्याकरण सैल सोडायला मिळते, यात त्याला कुणी बाई समजत नाही आणि तोही स्वतःला तसे समजत नाही. ज्या ‘गं’ने जगाने त्याला हिणवले असते, तोच ‘गं’ इथे त्याच्या मालकीचा होतो.

मात्र हेच ‘गं’ दुसऱ्याला सुईसारखे टोचू शकते. शाळेत, तालमीत किंवा गणपती मंडळात ज्याला वर्षानुवर्षे ‘बायल्या’ म्हणून चिडवले गेले, त्याला प्रेमाने म्हटलेले ‘अगं’सुद्धा जुन्या आवाजात ऐकू येते. म्हणून आमच्याकडे एक पाळायचा नियम आहे: नवीन माणूस स्वतः स्वतःविषयी ‘आले’, ‘गेले’ असे लिहीपर्यंत त्याच्याशी कुणीही स्त्रीलिंगात बोलत नाही. ज्याला ते कधीच नको असेल त्याने पहिल्याच प्रसंगी ‘मला अरे म्हणा, अगं नको’ असे सरळ सांगावे. असे सांगण्यात रुसवा नसतो आणि ऐकणाऱ्यानेही तो मानू नये. पन्नाशी ओलांडलेल्या सभासदांना ‘मावशी’ म्हणण्याचीही हीच गोष्ट. आमच्यातल्या एकाला ते बिरुद अतिशय प्रिय आहे. दुसऱ्याला म्हटले तर तो दोन दिवस बोलत नाही.

इथे आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. ग्रुपमध्ये पारलिंगी (ट्रान्स) स्त्रिया असतील तर त्यांच्या बाबतीत ‘आली’, ‘गेली’ ही थट्टा नसते, ते त्यांचे नेहमीचे रूप असते. आपापसांतल्या गमतीच्या ओघात त्यांनाही त्याच हशात ओढणे, किंवा हिजडा समाजाविषयीच्या शिव्या विनोद म्हणून वापरणे, याला आमच्याकडे दुसरी संधी मिळत नाही. आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात मान्य केला आहे. चॅटमध्ये तो मान्य करायला आपल्याला निकालाची गरज पडू नये.

थट्टा कशावर करावी? बोलण्यावर, सवयींवर, हुकलेल्या भाकरीवर, गाण्याच्या आवडीवर, देवगिरी एक्स्प्रेसला दरवेळी उशिरा पोहोचण्यावर खुशाल करावी. परभणीकराला ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकवावे, तो स्वतःच ते अभिमानाने सांगत असतो. रंग, शरीराची ठेवण आणि पैशाची तंगी यांवर करू नये. जातीवर तर नाहीच. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८मध्ये या प्रदेशाने काय सोसले आणि १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार होईपर्यंत किती घरांनी किंमत मोजली, हे ठाऊक असलेली माणसे ग्रुपमध्ये आहेत, आणि नसती तरी नियम तोच राहिला असता. धर्माचेही तसेच. आमच्यातले चारपाचजण दखनीत लिहितात. त्यांच्या ‘हौ’ आणि ‘नक्को’ची नक्कल ते स्वतः करतात तेव्हाच ती गोड लागते. विभागाच्या मुख्य शहराला कोणत्या नावाने हाक मारायची यावरून एकदा फार कटुता झाली, तेव्हापासून ग्रुपमध्ये त्याला नुसते ‘शहर’ म्हणतात. लातूरकरांना हेही मान्य नाही, पण तो वेगळा मुद्दा झाला.

विवाहित सभासदांविषयी एक शब्द. आपल्याकडे अनेकांची लग्ने झालेली आहेत, काहींची मनाविरुद्ध, काहींची स्वतःला समजण्याआधी. त्यांच्यावर ‘वहिनी काय म्हणतात?’ छापाचे विनोद करू नयेत. त्या बाईला या ग्रुपचा पत्ता नाही, उत्तर द्यायला ती इथे नाही, आणि या सगळ्यात तिचे नुकसान कदाचित सर्वांत मोठे आहे. तिच्या जिवावर हसणे मला बरे वाटत नाही.

थट्टेची परतफेड त्याच मापाने करावी, पावशेराला पावशेर. कुणी तुमच्या टोपणनावाची मजा केली म्हणून तुम्ही त्याच्या तुटलेल्या नात्यावर बोट ठेवले, तर हशा थांबतो आणि भांडण सुरू होते. आणि नको वाटेल तिथे ‘बास’ असे लिहावे. आमच्याकडे हा शब्द आला की विषय तिथेच मिटतो आणि कारण विचारले जात नाही. हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह लावून टोमणा गोड होतो असा समज असेल तर तो सोडून द्यावा.

आवडींमुळे ग्रुप टिकतो. तुम्हाला वाटेल की समलिंगी माणसे जमली म्हणजे सतत समलिंगी असण्याविषयीच बोलत असतील, पण आमच्या ग्रुपमधली सर्वांत लांबलेली चर्चा सोयाबीनमधल्या ओलाव्यावर झाली आहे. हमीभावाच्या खरेदीत साधारण १२ टक्क्यांची अट असते आणि एकाचा माल परत पाठवला गेला होता. दुसऱ्या बाजूला पैठणकडचा एक सभासद साड्यांचा जाणकार आहे. हातमागाच्या खऱ्या पैठणीचे काठ उलट बाजूनेही सुलट बाजूसारखेच स्वच्छ दिसतात, धागे लोंबत नाहीत, हे त्याने आम्हाला फोटो काढून शिकवले. ज्यांना लहानपणापासून आईच्या कपाटातली साडी नुसती हात लावून पाहायची होती, त्यांनी त्या रात्री इतके प्रश्न विचारले की शेवटी तो कंटाळून झोपायला गेला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, क्रिकेट, जुनी गाणी, भारुडे, असे कोपरे आहेत. आपला कोपरा शोधावा आणि तिथे नियमित बसावे.

येळवसचे मात्र वेगळे सांगायला हवे. लातूर-धाराशिवच्या बाजूला वेळ अमावस्येला सगळे गाव शेतात जाते, कडब्याची कोप (खोपी) उभी राहते, आत पांडवांची पूजा होते आणि भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असा बेत असतो. त्या दिवशी शेतात जेवायला कुणालाही नेता येते. ऑफिसातला, कॉलेजातला, बसमध्ये ओळख झालेला, कुणीही चालतो, आणि हा कोण म्हणून आई विचारत नाही, उलट आंबील वाढते. वर्षातला बहुधा हा एकच दिवस असा आहे की आपल्या माणसाला ‘मित्र’ म्हणून घरच्यांच्या पंगतीत बसवता येते. म्हणून डिसेंबर उजाडला की ग्रुपमध्ये भज्जीवरून भांडणे सुरू होतात. ती भांडणे भज्जीवरून आहेत असे समजू नये.

अशाच एका येळवसला एका सभासदाने आंबिलाचा सुंदर फोटो टाकला. हिरवी ज्वारी, मातीचा बांध, मध्ये स्टीलचा तांब्या आणि तांब्याच्या काठाखाली मशीनने कोरलेले वडिलांचे पूर्ण नाव, खाली गावासकट. आत्याने लग्नात दिलेला आहेर होता तो. अ‍ॅडमिनने दीड मिनिटात फोटो काढून टाकला, पण त्या सभासदाचे नाव त्या दिवसापासून ‘तांब्या’ पडले ते पडलेच. फोटो टाकण्यापूर्वी भांड्यांवरची नावे, ट्रॅक्टरचा नंबर, भिंतीवरचे कॅलेंडर देणाऱ्या दुकानाचे नाव आणि आरशातले प्रतिबिंब, एवढे तपासावे.

पर्सनलला बोलायचे असेल तर आधी विचारावे, उत्तर आले नाही तर तेच उत्तर समजावे. गोड बोलून पहिल्याच दिवशी चेहऱ्याचा किंवा उघडा फोटो मागणारा, व्हिडिओ कॉलची घाई करणारा, ग्रुपमध्ये मात्र कधीच न बोलणारा माणूस भेटला तर सावध व्हावे. फोटो घेऊन घरी सांगण्याची धमकी देणे आणि पैसे उकळणे हा धंदा आहे आणि त्याला भीती हेच भांडवल लागते. असे झाले तर पैसे देऊ नयेत, कारण पहिला हप्ता दिला की दुसरा येतो. चॅट पुसू नये, स्क्रीनशॉट ठेवावेत आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. धमकावून पैसे मागणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा आहे. तुम्ही समलिंगी असणे हा गुन्हा नाही: सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते कलमच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला ग्रुपमध्ये घेऊ नये, तो स्वतःहून आला तरी.

प्रत्यक्ष भेट हुरड्याच्या दिवसांत ठरते, बहुधा चारपाच जणांची, दिवसाउजेडी. परतीची शेवटची एसटी कितीची आहे हे निघण्यापूर्वीच पाहावे आणि आपण कुठे चाललो आहोत हे एका विश्वासातल्या माणसाला सांगून ठेवावे. खर्चाची वर्गणी रोख द्यावी. वर्षभर ‘केसर’ म्हणून वावरलेल्या एकाने दोनशे रुपये यूपीआयने पाठवले आणि घेणाऱ्याच्या पडद्यावर त्याचे बँकेतले संपूर्ण नाव, मधल्या नावासकट, उमटले. पुढे कधी तुळजापूरच्या रांगेत किंवा मोंढ्यात ग्रुपमधला कुणी दिसला आणि त्याच्यासोबत घरचे लोक असले, तर आपण आधी हाक मारू नये. ओळख दाखवायची की नाही हे त्याने ठरवावे. तो न पाहता पुढे गेला तर मनाला लावून घेऊ नये. रात्री तोच ‘काय गं, लाल शर्टात नवरदेव दिसत होतीस’ असे लिहितो.

कधी रात्री उशिरा कुणी असे काही लिहितो की हशा थांबवावा लागतो. घरच्यांनी स्थळ पक्के केलेले असते, किंवा ‘बरा’ करायला कुठेतरी नेण्याचे ठरलेले असते. अशा वेळी सल्ल्यांची सरबत्ती करू नये. एकाने त्याच्याशी फोनवर बोलत राहावे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक द्यावा, तिथे मराठीत बोलता येते. समलैंगिकता हा आजार नाही असे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये जाहीर केले आहे, आणि ती ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले आहे. घरच्यांना हे दोन वाक्यांत सांगता येते, ऐकतीलच असे नाही.

ग्रुप सोडून जायचे असेल तर जावे, निरोपाचे भाषण लागत नाही. लग्नसराईत दरवर्षी दोनचार जण न सांगता जातात आणि आम्ही त्यांना शोधत नाही. मागच्या डिसेंबरात एक नवा नंबर आला, टोपणनाव नवे, चार दिवस काही बोलला नाही. पाचव्या दिवशी रात्री त्याने एकच ओळ लिहिली, ‘वाटाण्याचं ठरलं का तुमचं?’ तांब्याने लगेच उत्तर दिले, ‘दोन वर्षं कुठं गेल्तास रे? नाही ठरलं.’